विसाव्याचा नियम

पाऊल टाकलं तिथे जमीन नव्हती. एका पायरीएवढी नव्हती, जास्त नाही. पण माणूस आडवा व्हायला तेवढी पुरते. हातातली मोजायची फीत घरंगळत मागच्या जिन्यापर्यंत गेली, नकाशाचा कागद छातीखाली चुरगळला आणि उजवा घोटा आतल्या बाजूला वळून त्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. पडलेला माणूस इमारतींचे सुटकेचे नकाशे काढायचा. कामावर त्याला सगळे नकाशेवालाच म्हणत. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं हे दाखवणारे, लिफ्टशेजारी काचेत लावलेले आणि कुणीही न वाचलेले ते कागद: हिरवे बाण, जिन्यांच्या रेघा, आणि एक लाल ठिपका, आपण येथे आहात. या इमारतीचा नकाशाही त्यानेच काढलेला होता, आणि आज तो नव्या भिंती कुठे उभ्या राहिल्यात का तेवढं बघायला आला होता. पडल्यापडल्या त्याने कागद सरळ करून डोळ्यांपुढे धरला. मागचा बोळ त्यावर सपाट होता. पायरी नव्हती. बोळात मात्र होती, चांगली जुनी, मधोमध झिजलेली. डोळ्यांपेक्षा स्वतःच्या कागदावर विश्वास ठेवून चालणारा माणूस पडणार नाही तर काय करणार. कागदाच्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती. ती त्याने वाचली आणि घडी घालून कागद खिशात कोंबला. तेवढ्यात पहारेकरी धावत आला, त्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि मोठ्या मायेने म्हणाला, "काही नाही साहेब, एक रात्र झोप काढा, सकाळी ठणठणीत व्हाल."

दुखण्याने आलं नव्हतं ते पाणी त्या एका शब्दाने डोळ्यांत आलं. पहारेकऱ्याला वाटलं, साहेब फार नाजूक आहेत.

ठणठणीत हा त्यांच्या खेळातला शब्द होता. टॅक्सीच्या मागच्या सीटवर पाय आडवा टाकून घरी जाताना त्याला तो नियम जसाच्या तसा ऐकू आला, स्वतःच्याच आवाजात, रविवारच्या दुपारी, जेवणाचं टेबल पुसून त्यावर चौकटींचा कागद पसरलेला असताना: एक रात्र विसावा, सकाळी सगळे ठणठणीत. पोरांचा खेळ नव्हता तो, चांगल्या कर्त्यासवरत्या चार माणसांचा होता. एकाने सूत्रधार व्हायचं, म्हणजे त्यानेच. अंधारी भुयारं, बुडालेली शहरं रचायची, वाटेत कोण भेटतं ते सांगायचं. बाकी तिघांनी आपापल्या सोंगात शिरून काय करायचं ते ठरवायचं, आणि जिथे जमेल की नाही याची शंका, तिथे फासा टाकायचा. त्याची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आयुष्यभर लोकांचे कपडे बेतत आलेली, गळ्यात टेप तसाच ठेवून यायची आणि कुऱ्हाडवाला राक्षस व्हायची. समोर कोण आहे हे ऐकून घ्यायच्या आत ती म्हणायची, "मी मारते." दाढीवाला हा दातांचा डॉक्टर, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, तो जादूगार, बोटांतून वीज काढणारा. आणि त्याची बायको. ती मोठ्या हॉस्पिटलात मोडलेल्या, आखडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. खेळात ती साधी वाटाड्या झाली होती. तिला ना जादू येत होती ना शस्त्र धड, आणि तिनेच सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

तिचं नाव तिथे वजनकाटा पडलं, ते दाढीवाल्याने पाडलं. मावशीच्या राक्षसाने सोन्याचं पोतं खांद्यावर टाकून दरी ओलांडायची म्हटलं, की ही विचारायची, पोतं केवढं, दोर कसला, आणि मावशी, तुमचे गुडघे कुठले आणलेत? मावशी म्हणायची, "अगं राक्षस आहे मी." "राक्षसाला गुडघे नसतात का?" मग हसाहशी व्हायची, चहा व्हायचा, आणि शेवटी पोत्यातलं अर्धं सोनं दरीच्या अलीकडे राहायचं. त्यालाच आत कुठेतरी चरफड व्हायची. आठवडाभर तो दारांच्या रुंद्या आणि जिन्यांची उंची मोजायचा. एक रविवार तरी माणसाला पंख असावेत एवढंच त्याचं मागणं होतं. पण ती नियमाच्या वाक्यावर बोट ठेवून बसायची. वाक्यातल्या शब्दावरसुद्धा. "तू इथे 'दोर तुटला तर' म्हणालास, आणि तिथे 'दोर तुटला की' म्हणालास. दोन्हींत फरक आहे. 'तर'ला फासा लागतो. 'की'ला लागत नाही, ते होणारच असतं." त्या दिवसापासून मावशी फासा उचलायच्या आधी विचारायला लागली, "हे तर आहे का की आहे?" आणि लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा आपल्याला इतकं कुणी तपासून घेतलं नव्हतं, असं दाढीवाला म्हणायचा.

घोटा दुपारपर्यंत टम्म सुजला. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि घट्ट पट्टा बांधून दिला. घरी पलंगावर दोन उशांवर पाय ठेवून तो पडला, आणि त्याला कळलं की पाय कसा ठेवायचा, बर्फ किती वेळ धरायचा, बोटं कधी हलवून बघायची हे सगळं आपल्याला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तिच्या तोंडून येताजाता कानावर पडलेलं आहे. रस्त्याने चालताना ती दुकानं बघायची नाही, माणसांची चाल बघायची. त्या बाईचा डावा खुबा बघ. तो काका बघ, टाच टेकवतच नाही. कुणी दोनदा ओळख करून दिलेला माणूस तिच्या लक्षात राहायचा नाही, पण पाठमोरा लंगडत गेला तर ती त्याची कुंडली सांगायची. रात्री तिच्या तळव्यांना मलमाचा वास यायचा, आंघोळ केली तरी जायचा नाही, आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं तो लटकं नाक मुरडायचा. आता कपाटात अर्धी वापरलेली एक नळी सापडली, तिचं टोपण त्याने उघडलं, आणि घोट्याला न लावताच परत घट्ट लावून ठेवलं. तो वास हवेत किती वेळ राहतो ते बघत पडून राहिला.

सकाळ झाली आणि तो ठणठणीत झालेला नव्हता. याचं त्याला खरोखर आश्चर्य वाटलं, हे सांगायला हवं. इतकी वर्षं स्वतःच सांगत आलेला नियम माणसाच्या अंगात कुठेतरी मुरतोच. त्यांच्या खेळात जखमेची खूण बटणं होती. मावशीने तिच्या डब्यातली उरलेली बटणं आणली होती, शर्टांची, कोटांची, एकदोन पितळी. प्रत्येकाने आपल्यापुढे रांग लावायची, वार बसला की एकेक बटण मधल्या वाडग्यात टाकायचं. आणि विसावा झाला की सूत्रधाराने वाडगा उपडा करायचा, ज्याची त्याची बटणं परत. सोयीचा नियम होता. नाहीतर भुयाराच्या तोंडाशीच सगळे पाय धरून बसले असते. वजनकाट्याला तो पहिल्यापासून पटत नव्हता, पण ती हसून सोडून द्यायची.

मग पाचव्या महिन्यात त्यांचं बाळ पोटातच गेलं. ती त्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मावशी तिच्या उशाशी. त्याला घरात बसवेना. तो फीत घेऊन कामावर जायचा, बोळ मोजायचा, जिने मोजायचा. मोजण्याने बरं वाटत नव्हतं, पण मोजताना दुसरं काही सुचत नव्हतं. कागदावरची तारीख त्याच आठवड्यातली होती. पायरी दिसली असेल का आपल्याला, याचा तो आता पलंगावर पडून विचार करत होता. पाय तर नक्कीच तिच्यावरून गेले असतील, वरखाली झाले असतील. पण लिहिणाऱ्या हातापर्यंत ते पोचलंच नाही, एवढं खरं.

पुन्हा खेळायला बसले तो पहिला रविवार त्याला लख्ख आठवत होता. सगळ्यांनी साधं बोलायचं ठरवलं होतं, आणि सगळेच फार साधं बोलत होते. भुयारात कसलीतरी झुंज झाली, वाटाड्याला वार बसले, तिची जवळजवळ सगळी बटणं वाडग्यात गेली. रात्र झाली. सूत्रधार म्हणाला, एक रात्र विसावा, सकाळी सगळे ठणठणीत. त्याने वाडग्याला हात घातला तेव्हा तिने त्यावर तळवा ठेवला.

"माझी राहू दे," ती म्हणाली.

"अशी कशी राहतील? नियम आहे."

"चुकीचा आहे नियम."

दाढीवाल्याने तिला हसवायला म्हणून म्हटलं, "वा गं वा. माझ्या बोटांतून वीज निघते ते चालतं, मावशी चार माणसं एका घावात कापते ते चालतं, आणि एका रात्रीत जखम भरली तर तुला त्रास?"

"वीज माझ्या बोटांतून कधी निघालीच नाही," ती म्हणाली. "म्हणून ती कशीही निघू दे. जखम मला झाली आहे."

मावशी टेपची गुंडाळी करत राहिली. मग वजनकाट्याने नवा नियम सांगितला, जणू मघापासून तोंडपाठ करून ठेवलेला. विसावा झाला तरी बटण आपोआप परत येणार नाही. टेबलाशी बसलेल्या कुणीतरी समोर बघून विचारायचं, दुखतंय का अजून? विचारलं की एक बटण परत. हो म्हटलं तरी एक, नाही म्हटलं तरी एक. उत्तराचा संबंध नाही. एका दिवशी एकच. फासा टाकायचा नाही. आणि कुणी विचारलंच नाही तर, मावशीने विचारलं. "तर नाही येणार," ती म्हणाली.

सुरुवातीला सगळ्यांनी मनापासून पाळला. त्याला तर आवाज बदलावा लागायचा नाही, तो सूत्रधाराच्या आवाजात विचारायचा, दुखतंय का अजून, आणि ती म्हणायची, हो, आणि एक बटण तिच्या रांगेत जायचं. खेळाच्या आडोशाने ते दोघं एवढं एकच बोलत होते. घरात बाकी वेळी दूध आलं का, किल्ली कुठे आहे. पण नियमाने खेळ फार रखडायला लागला. मावशी कंटाळून म्हणायची, "अगं, उद्यापर्यंत सगळ्यांचं दुखणंच विचारत बसायचं का?" कुणी नियम रद्द केला नाही. एका रविवारी पाठलाग अगदी रंगात आला होता, फाशांमागून फासे पडत होते, आणि विचारायचं राहून गेलं. त्याला दिसलं होतं, नाही असं नाही: तिचा हात वाडग्याच्या काठापर्यंत आला, थोडा वेळ तिथे थांबला, आणि मग तिने तो कपाकडे नेला. पुढच्या रविवारीही राहिलं. ती काही म्हणाली नाही. पुढे तिने दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात वर्षभरासाठी जागा मागून घेतली. त्या वर्षाचं आता दुसरं वर्ष चालू होतं. वाडगा फ्रीजवर तसाच होता, तिची बटणं आत. घर साफ करायला येणाऱ्या बाई तो उचलून खालचं पुसायच्या आणि परत ठेवायच्या.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला होता. पडल्याचं तो बोलला नाही. ती म्हणाली, "इथे कायमची नोकरी घेतेस का विचारतायत. रविवारपर्यंत सांगायचंय." "बरं." "तुझं काय म्हणणं?" पाय उशीवर ठणकत होता. ये म्हणायचं त्याच्या अगदी जिभेवर होतं. पण सूत्रधाराने खेळाडूला काय करायचं ते सांगू नये, हा सगळ्यात जुना नियम, आणि तो पाळून पाळून त्याची जीभच त्या वळणाची झाली होती. "तुला बरं वाटेल तसं कर," तो म्हणाला. किती समंजस वाक्य, आणि ते त्याने किती वेळा वापरलं होतं. मग ती म्हणाली, "आणि हे बघ, परत आले तर माझं ते वरचं कपाट लागेल, त्यात तुझे नकाशे भरू नकोस." फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या एका 'तर'कडे बघत बसला. ती शब्द उगाच वापरत नसे. तर म्हणजे फासा हातात आहे, आणि तो कुठे पडेल ते तिलाही माहीत नाही.

तिच्याशिवाय घर रिकामं वाटतं असं त्याला वाटत नव्हतं. उलट घर भरलेलं होतं, सगळं जागच्या जागी, आणि कशालाच वजन नव्हतं. हे त्याला आता, पाय जमिनीला टेकत नसताना, नीट कळलं. कुणी विचारत नव्हतं पोतं केवढं, दोर कसला. एवढी वर्षं पंख मागितले, ते असे मिळाले होते. त्याला तिची आठवण येत होती, साधी, सरळ, भूक लागावी तशी. तिच्या हटवादीपणाची येत होती. कुणीतरी समोर बसून म्हणावं, थांब, हे असं होत नाही, गुडघे कुठले आणलेत.

रविवारी दुपारी दाढीवाला आणि मावशी आले. लंगड्याची करमणूक म्हणून खेळायचं, असा बेत मावशीने परस्पर ठरवला होता. तिने डबा आणला होता, गळ्यात टेप होता. टेबल पुसलं, कागद पसरला, फ्रीजवरचा वाडगा तिनेच खाली काढला आणि आत बघून मधोमध ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाली, "तिला कळवलंय मी."

"काय कळवलंस?"

"तू आपटलास ते. सांगू नको म्हणाला होतास का?"

म्हणाला नव्हता. दाढीवाला तिच्या खुर्चीकडे न बघता फासे मांडत होता. सूत्रधाराने भुयाराचं तोंड सांगायला सुरुवात केली, मावशी म्हणाली, "मी मारते," आणि फोन वाजला.

फोन कानाला लावून तो भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेला.

"कुठला?" तिने विचारलं.

"उजवा."

"सूज?"

"उतरतेय."

"टेकवतोस?"

"चांगला टेकवतोय."

"थापा मारू नकोस. आत्ता चालत आलास तो आवाज ऐकला मी. टाच उचलून चालतोयस."

तो हसला. तिच्या मागे कुठेतरी चाकांची खुर्ची करकरत गेली, कुणीतरी कुणाला हळू म्हणालं. दिवसभरात ती किती माणसांना हे विचारत असेल, म्हणून पुढचं वाक्य आलं तेव्हा त्याला आधी ते हॉस्पिटलचंच वाटलं.

"दुखतंय का अजून?"

"हो," तो म्हणाला.

"घे मग एक," ती म्हणाली.

त्याचा गळा भरून आला. जखमेलाही आपण हेच म्हणतो, भरून आली, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, आणि बोलता येईना म्हणून तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली होती. तिचा डावा खांदा पडलेला होता.

"तुला?" त्याने विचारलं. सूत्रधाराचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. स्वतःचाच निघाला, घोगरा. "तुला दुखतंय का अजून?"

तिकडे तिची चार-दोन पावलं वाजली आणि थांबली.

"हो," ती म्हणाली. "रोज नाही. पण हो."

तो लंगडत टेबलाशी आला, वाडग्यात हात घालून वर आलं ते बटण घेतलं, कुठल्याशा कोटाचं होतं, आणि रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. ठेवल्याचा टक आवाज तिला तिकडे गेला असावा.

"पण फोनवर नाही चालत," ती म्हणाली. "नियमात समोर बघून आहे. आठवतंय ना?"

"आठवतंय." आणि मग, पाय अवघडलेला, एका हाताने टेबल धरलेलं, मावशी आणि दाढीवाला टक लावून बघत असताना, तो म्हणाला, "ये."

"हे सूत्रधार सांगतोय?"

"नाही. मी सांगतोय. ये तू."

पुन्हा ती खुर्ची करकरत परत गेली. कुणीतरी तिला हाक मारली, तिने फोन बाजूला करून, आले, म्हटलं. मग विचारलं, "माझी किती उरलीत वाडग्यात?"

"बरीच आहेत. थांब, मोजतो."

"मोजू नकोस," ती म्हणाली. "मी आले की मोजू."

फोन बंद झाला. तो तसाच उभा राहिला, तिचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून ऐकत, त्यातला तो छोटा शब्द पुन्हा पुन्हा तपासून बघत. घोटा जोरात ठणकत होता आणि टाच टेकलेली होती. मावशीने फासे केव्हाच मुठीत घेतले होते. तिला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी ठरायचं आहे एवढं दिसत होतं.

"टाकू का?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "याला लागत नाही."